मक्याची भूक टारफुल्याला कळते

नैरोबीहून बुसियाकडे निघालेली बस रिफ्ट दरीत उतरते, नैवाशा आणि नाकुरू मागे टाकते आणि केरिचोच्या चहाच्या मळ्यांतून वळणं घेत व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमूला पोचते. तिथून युगांडाच्या सरहद्दीपर्यंत दोन्ही बाजूंना लहान लहान शेतं, बहुतेकांत मका. पाऊस झालेला, माती ओली. तरी कित्येक ठिकाणी मका गुडघ्याएवढाच, पिवळा, पाण्यावाचून सुकल्यासारखा. त्याच्या बुडाशी जांभळट गुलाबी फुलं. नवख्या माणसाला ती देखणी वाटतील. इथले लुओ शेतकरी या तणाला कायोंगो म्हणतात. शास्त्रीय नाव स्ट्रायगा. आपल्या ज्वारीत येणारा टारफुला याचाच भाऊबंद.

स्ट्रायगाचं बी जेमतेम 0.3 मिलिमीटरचं. एकेक झाड अशा हजारो बिया टाकतं आणि त्या दहा-दहा वर्षं मातीत जिवंत राहतात. बियेतला साठा इतका तुटपुंजा, की रुजल्यावर काही दिवसांत दुसऱ्याचं मूळ सापडलं नाही तर कोंब मरतो. त्यामुळे नुसत्या पावसाने ती रुजत नाही. जवळ मूळ असल्याची खूण तिला लागते, आणि ही खूण खुद्द मकाच देतो. मुळांतून पाझरणारी ही रसायनं म्हणजे स्ट्रायगोलॅक्टोन. त्यातलं पहिलं 1966 साली कापसाच्या मुळांच्या स्रावात सापडलं.

पण पिकाने वैऱ्याला आवतण का द्यावं? याचं उत्तर मिळायला 2005 साल उजाडलं. जपानी संशोधकांनी दाखवलं, की ही हाक मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीसाठी असते. ती बुरशी मातीतलं स्फुरद पिकापर्यंत पोचवते. स्फुरद कमी पडलं की हाक वाढते, आणि स्ट्रायगा नेमकी तीच ऐकते. म्हणजे जमीन जितकी भुकेली, तितका धोका मोठा. ज्याच्याकडे खताला पैसे नाहीत, त्याच्याच शेतात ही फुलं जास्त. मला यातलं हे सगळ्यांत क्रूर वाटतं.

खुरपणीचाही फारसा उपयोग होत नाही, कारण तण जमिनीवर दिसेपर्यंत त्याने मक्याच्या मुळात शिरून पाणी आणि अन्न ओढलेलं असतं. दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बायांचे कष्ट त्या हंगामापुरते वायाच जातात.

उपाय सापडला तो याच पट्ट्यात. नैरोबीच्या ‘इसिपे’ या कीटकशास्त्र संस्थेचं सरोवराकाठी म्बिता इथे केंद्र आहे. भारतात जन्मलेले झियाउर खान आणि त्यांचे सहकारी तिथे खोडकिडा पळवण्यासाठी मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम हे द्विदल लावून बघत होते. खोडकिडा कमी झालाच, शिवाय स्ट्रायगाही हटली. डेस्मोडियमच्या मुळांतली काही द्रव्यं स्ट्रायगाच्या बिया रुजवतात, तर दुसरी त्यांना मक्याच्या मुळाला चिकटू देत नाहीत. कोंब उपाशी मरतात, आणि जमिनीतला बियांचा साठा हंगामागून हंगाम घटतो. डेस्मोडियममुळे जमिनीत नत्र मिसळतं, गुरांना चारा होतो.

अडचण बियाण्याची आहे. डेस्मोडियमचं बी महाग, आणि सगळीकडे मिळतही नाही. पण त्याचे वेल छाटून लावले तरी जगतात, म्हणून शेतकरी शेजाऱ्याच्या शेतातून वेल आणून लावतात.