डिशवॉशर-योग्य भांडी

डिशवॉशर-योग्य भांडी : भांडी धुण्याच्या यंत्रात वारंवार धुऊनही ज्यांचा आकार, रंग, चकाकी आणि उपयोग टिकून राहतो अशी स्वयंपाकाची व जेवणाची भांडी. व्यवहारात ‘डिशवॉशर-सेफ’ हाच शब्द रूढ आहे. एकदा धुऊन भांडे धड बाहेर आले म्हणजे ते योग्य ठरले असे नव्हे. अ‍ॅल्युमिनियमसारखे काही पदार्थ पहिल्याच धुण्यात बिघडतात, पण काच, नक्षीची चिनी माती, लाकूड यांचे नुकसान कितीतरी धुण्यांनंतर नजरेस येते आणि तोवर ते भरून न येण्याजोगे झालेले असते.

या यंत्राच्या जन्माचे श्रेय कोणाला द्यावे, याबाबत एकमत नाही. अमेरिकेत जोएल हौटन यांनी १८५० मध्ये एका लाकडी यंत्राचे एकस्व (पेटंट) घेतले होते. त्यात हाताने दांडा फिरवून भांड्यांवर पाणी उडवले जाई. त्यानंतर १८६० च्या दशकातही अशा यंत्रांची एकस्वे नोंदली गेली. तथापि ही यंत्रे भांडी कितपत स्वच्छ करीत असत याविषयी शंका घेतली जाते. इलिनॉय राज्यातील शेल्बीव्हिल येथील जोसेफीन कॉक्रेन (काही ठिकाणी कॉक्रन) यांना २८ डिसेंबर १८८६ रोजी मिळालेले एकस्व अधिक महत्त्वाचे मानणे योग्य होईल. भांड्यांच्या मापाचे तारेचे कप्पे आणि न घासता पाण्याच्या जोराने होणारी सफाई, ही आजच्या यंत्राची दोन्ही मूलतत्त्वे त्यांच्या रचनेत होती. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात हे यंत्र मांडले गेले. घरातील पिढीजात चिनी मातीची भांडी नोकरांच्या हातून टवके उडून खराब होत, म्हणून त्यांनी ते बनवले असे सांगितले जाते. जुनी नक्षीदार चिनी माती यंत्रापासून दूर ठेवावी असा सल्ला आज दिला जातो. त्याचे कारण धुण्याच्या पावडरीत आहे.

बिघाडाचे खरे कारण : भांडे उकळत्या पाण्याला टिकते, तेव्हा ते यंत्रातही टिकेल, असा सर्वसाधारण समज आहे. तो बहुतेक धातूंच्या बाबतीत चुकीचा आहे. यंत्रातील पाणी साधारण ४५ ते ७० अंश सेल्सियस असते, म्हणजे गॅसवरच्या आमटीपेक्षा थंडच. बिघाड करतो तो क्षार, म्हणजे अल्कली. यंत्राच्या पावडरीत किंवा टॅब्लेटमध्ये मुख्यतः धुण्याचा सोडा, ऑक्सिजन सोडणारे परकार्बोनेट आणि पिष्ट व प्रथिने तोडणारी एन्झाइमे असतात. धुणाच्या पाण्याचा पीएच (आम्लता-क्षारतेचे माप; ७ म्हणजे उदासीन, त्यावर क्षारयुक्त) त्यामुळे साधारण १० ते ११ होतो. हाताने भांडी घासण्याचे द्रव साबण बहुधा उदासीनतेच्या जवळ असतात. शिवाय हाताने घासताना भांड्याला साबण मिनिटभर लागतो, तर यंत्रात दीड ते तीन तासांच्या फेरीतला बराच वेळ भांडे गरम क्षारात भिजत असते.

अ‍ॅल्युमिनियम : बोलीत ज्यांना जर्मलची भांडी म्हणतात ती, हिंडालियमची पातेली, इडलीपात्राच्या ताटल्या आणि बहुसंख्य प्रेशर कुकर या वर्गात येतात. या धातूवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप तयार होतो आणि त्यानेच धातूचे रक्षण होते. हा थर साधारण ४ ते ८.५ पीएचच्या दरम्यान टिकतो. त्यापलीकडच्या क्षारात तो विरघळून अ‍ॅल्युमिनेट होतो, खालचा धातू उघडा पडतो आणि पुन्हा बसणारा थर खडबडीत व काळपट असतो. चकचकीत कुकर एका फेरीत करडा पडून बाहेर येतो, त्याच्या कडेवरून बोट फिरवले तर बोटाला शिशपेन्सिलीसारखी रेघ उमटते. ही रेघ म्हणजे सुटा झालेला पृष्ठभाग होय. भांड्यात काळपट भागापर्यंत पाणी घेऊन चिंच किंवा लिंबाच्या साली घालून दहा-पंधरा मिनिटे उकळल्यास काळेपणा बराच उतरतो, पण गेलेली झिलई परत येत नाही. हार्ड अ‍ॅनोडाइज्ड भांड्यांवरचा कठीण थरही मुळात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच असल्याने तोही क्षाराने फिका पडतो. उत्पादकाने स्पष्ट लिहिले नसेल तर असे भांडे हातानेच धुवावे. नॉनस्टिक तव्याचा लेप स्वतः क्षाराला दाद देत नाही. मात्र ओरखडा पडलेला असेल किंवा काठावर धातू उघडा असेल, तर तेथून क्षार आत शिरतो आणि लेप पापुद्र्यासारखा उचलला जातो.

तांबे, पितळ, कल्हई : तांब्याचा तांब्या, ताम्हण, पितळेची परात आणि काशाची वाटी यांची झळाळी यंत्रात जाते. पितळेतील जस्त निघून जाऊन त्यावर गुलाबी छटा येण्याचाही संभव असतो. कल्हईच्या भांड्यांबाबत मतभेद आहेत. यंत्राच्या उष्णतेने कल्हई ‘उतरते’ असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु कल्हई म्हणजे कथिलाचा थर, आणि कथिल सुमारे २३२ अंश सेल्सियसला वितळते, तेव्हा ७० अंशांच्या पाण्याने ते वितळण्याचा प्रश्नच येत नाही. कथिल अ‍ॅल्युमिनियमप्रमाणेच आम्ल व अल्कली या दोहोंत विरघळू शकते, आणि परकार्बोनेटने त्याचे ऑक्सिडीभवनही होते. म्हणून रासायनिक कारणच अधिक ग्राह्य वाटते. निष्कर्ष मात्र दोन्ही मतांनी एकच निघतो : कल्हईचे पातेले यंत्रात घालू नये. कल्हई विरळ झाली की आंबट आमटी किंवा ताक उघड्या तांब्या-पितळेला लागून कळकते, आणि हे नुकसान चकाकीपुरते राहत नाही.

बीड व लोखंड : बिडाच्या तव्यावरचा काळा तुकतुकीत थर म्हणजे तापून घट्ट झालेले तेल. यंत्र तेल काढण्यासाठीच बनलेले असल्याने हा थर सुटतो आणि वाळवणीच्या ओलसर वाफेत तवा गंजतो. चुकून धुतला गेल्यास गंज घासून काढावा, मंद आचेवर तवा पूर्ण कोरडा करावा आणि तेलाचा अगदी पातळ हात देऊन धूर येईपर्यंत तापवावा. असे तीन-चार वेळा केल्यास थर पुन्हा धरतो.

स्टेनलेस स्टील : यंत्रासाठी सर्वांत निर्धोक. तरीही प्रत वेगवेगळी असते. १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले, म्हणजे ‘१८/८’ किंवा ३०४ प्रतीचे स्टील उत्तम टिकते. निकेल कमी करून मँगनीज वाढवलेल्या २०० मालिकेतील स्टीलवर मिठाने बारीक खड्डे पडण्याची शक्यता अधिक असते. सुऱ्यांचे पोलाद धार धरण्यासाठी कठीण केलेले, कमी क्रोमियमचे असते. ते डागाळते, आणि शेजारच्या भांड्यांवर आपटून धारही जाते. लोणच्याचा चमचा किंवा मिठाची वाटी न विसळता रात्रभर यंत्रात ठेवणे हे खड्ड्यांचे नेहमीचे कारण. ताटावरचा तांबूस ठिपका लिंबाने पुसला गेला, तर तो बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी वस्तूचा गंज असतो. पुसला न गेल्यास खड्डा पडला असे समजावे. चांदीची वाटी स्टीलला टेकवून ठेवू नये. ओल्या क्षारात दोन धातूंचा विद्युत्‌घट तयार होतो आणि डाग पडतात.

काच : धुरकट झालेल्या पेल्याचे दोन अगदी निराळे विकार असतात. पाणी जड असेल तर चुन्याचा पांढरा थर बसतो. पाणी फार मृदू असेल तर क्षार काचेचा पृष्ठभागच खातो. पेल्याच्या एका बाजूला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस पाच मिनिटे लावून धुवावा. तेवढा भाग स्वच्छ झाला तर तो चुना होता. धूसरपणा तसाच राहिला आणि प्रकाशात धरल्यावर इंद्रधनुषी झाक दिसली, तर काच झिजलेली आहे आणि त्यावर उपाय नाही. म्हणून यंत्रातील मीठ-सॉफ्टनरची (मिठाच्या साहाय्याने पाणी मृदू करणाऱ्या भागाची) मात्रा स्थानिक पाण्याप्रमाणे ठेवावी लागते. बोअरच्या पाण्याला योग्य असलेली मात्रा मुंबईच्या तलावांच्या मृदू पाण्याला जास्त होते. काच वाचवण्यासाठी काही टॅब्लेटमध्ये जस्ताची संयुगे घातलेली असतात. शिसेयुक्त क्रिस्टल व सोनेरी काठाची काच हातानेच धुवावी.

चिनी माती : येथे नक्षी झिलईच्या (भाजताना बसलेल्या चकचकीत थराच्या) वर आहे की खाली, हे पाहावे. झिलईखालची नक्षी काचेसारख्या थराने झाकलेली असते व टिकते. झिलईवरची नक्षी नंतर कमी तापमानाला भाजलेली असते, ती उतरते. नख फिरवल्यावर रंगाची उंची जाणवली किंवा तिरप्या उजेडात नक्षीची चमक भोवतालापेक्षा वेगळी दिसली, तर ती वरची समजावी. झिलईला केसासारख्या भेगा गेलेली लोणच्याची बरणी यंत्रात पाणी शोषते.

लाकूड : पोळपाट, लाटणे, रवी व लाकडी मुठीचे उलथणे यंत्रात घालू नये. लाकूड फुगते, वाळताना तडकते आणि डिंकाने जोडलेले सांधे सुटतात.

प्लास्टिक : डब्याच्या तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असल्यास ते पॉलिप्रॉपिलीन होय, ते वरच्या कप्प्यात चालते. १ आकड्याचे पीईटी ७० अंशांच्या आसपास मऊ पडून वाकडे होते. पारदर्शक पॉलिकार्बोनेट क्षाराने धुरकटते व त्यावर बारीक चिरा पडतात. ‘वरचा कप्पा’ ही सूचना मुख्यतः तळाशी उघडी तापतार असलेल्या यंत्रांतून आलेली दिसते. हळदीचा डाग कुठल्याच फेरीने पूर्ण जात नाही, कारण हळदीचे रंगद्रव्य प्लास्टिकात मुरते. डबा उन्हात ठेवल्यास डाग फिका पडतो.

जोडभागांची भांडी : स्टीलचा कुकर यंत्रात चालतो, पण त्याचे झाकण जपावे. गॅस्केट व शिटी काढून हाताने धुवावी. यंत्रात उडालेला भाताचा कण शिटीच्या नळीत अडकू शकतो, म्हणून झाकण धुतल्यावर नळीतून आरपार उजेड दिसतो का हे दर वेळी पाहावे. ही तपासणी टाळू नये; नळी तुंबली की दाब निघायला नेहमीची वाट उरत नाही. मिक्सरच्या भांड्यात पात्याखालच्या बुशमधील वंगण धुऊन जाते, सील कडक होते आणि काही महिन्यांनी भांड्याखाली काळसर पाणी झिरपू लागते. व्हॅक्यूम फ्लास्कच्या जोडातून पाणी आत गेले की त्याची उष्णता राखण्याची क्षमता संपते.

खुणा व मानके : ताटल्या आणि पाण्याचे थेंब दाखवणारे चिन्ह सर्वत्र दिसते, पण किती फेऱ्यांनंतरची ही हमी आहे हे त्यावरून कळतेच असे नाही. ईएन १२८७५ या युरोपीय मानकाच्या पहिल्या भागात घरगुती भांड्यांच्या संदर्भ-चाचणीची पद्धत दिली आहे. खूण नसलेल्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या संचासाठी घरीही साधी तुलना करता येते. संचातील एकच वस्तू दोन-तीन महिने यंत्रात धुवावी, बाकीच्या हाताने धुवाव्यात आणि मग ती दुसरीशेजारी खिडकीच्या उजेडात धरून काठ, नक्षी व चमक पडताळावी.