बसायचंय, मग पॅगोडा कशाला?

चीनमध्ये जाऊन युद्धातल्या जखमींवर उपचार करणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या सोलापूरचे. त्यामुळे गावात चिनी धाटणीचं काही बांधायचा विषय निघाला की कुणीतरी हमखास पॅगोडा काढून दाखवतं. मध्यंतरी एका बागेचा असाच नकाशा हाती आला. पाच मजले, खाली जाळीचं दार, दाराला कडी-कुलूप. वर लिहिलंय ‘विश्रांती मंडप’!

पॅगोडा सगळ्यांना माहीत आहे. आपल्या स्तूपाचाच तो तिकडे जाऊन उंच झालेला वंशज. अस्थी, पोथ्या जपायची जागा. ह्युएन त्संगने भारतातून नेलेले ग्रंथ ठेवायला चीनमधल्या शिआन शहरातला मोठा पॅगोडा ६५२ साली बांधला. मजले बहुधा विषम.

चिनी बागेत बसायला असतो तो ‘थिंग’. खांब आणि छप्पर, बस्स. चिनी लिपीत ‘थांबणे’ लिहिताना थिंगच्याच अक्षराला खेटून माणसाची खूण काढतात, उच्चारही तोच. आपल्याकडे वडाचा पार जे काम करतो, तेच याचं.

घोळ होतो तो छपरांमुळे. थिंगलाही कधी कधी एकावर एक दोन छपरं असतात, की लोक म्हणणार, ‘दुमजली पॅगोडा’. अहो, ती दुहेरी वळचण आहे, मजला नव्हे! दोन छपरांच्या मध्ये माणसाला पाय ठेवायलाही जागा नसते. म्हणून छपरं मोजत बसू नका, आत जाऊन वर बघा. थिंगमध्ये थेट छताची लाकडं दिसतात, मधे तक्तपोशी असली तर तीच. पण वर जायला जिना नाही. मग खाली बघा. खांबाखांबांच्या मधे बाकं आणि बाहेरच्या बाजूला कललेला कठडा, पाठ टेकायला. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जाणाऱ्या गावात रुंद वळचणीची सावली आणि चहूबाजूंनी वारा, यापेक्षा आणखी काय हवं?

कोपरे चार, सहा की आठ, हे जागा बघून ठरवा. लाल रंग, कंदील, ड्रॅगन यांवरून तर वादच नको. ते चायनीजच्या गाडीवरही असतात. काचा मात्र लावू देणार नाही. काचा आल्या की पंखे येतात, पंखे आले की कुलूप.

त्या नकाशावर मी पेन्सिलीने आधी जिना खोडला. वरचे चार मजले आपोआपच गेले. मग जाळीचं दार खोडलं आणि तिथे तीन पायऱ्या काढल्या.