इम्युलेटरवरील नेटवर्क जोडणीचे दोषनिवारण

मोबाइल ॲपची चाचणी संगणकावरील आभासी फोनमध्ये (इम्युलेटरमध्ये) घेत असताना ॲप आणि सर्व्हर यांच्यातील संपर्क कोठे तुटतो, हे शोधून तो पूर्ववत करण्याची कार्यपद्धती. प्रस्तुत नोंद मुख्यतः अँड्रॉइड स्टुडिओसोबत मिळणाऱ्या अँड्रॉइड इम्युलेटरविषयी आहे.

या इम्युलेटरमधील प्रत्येक आभासी फोन एका आभासी राउटरच्या मागे असतो आणि ज्या संगणकावर तो चालतो त्या होस्ट संगणकाचे नेटवर्क त्याला थेट दिसत नाही. राउटरचा पत्ता १०.०.२.१, फोनचा सामान्यतः १०.०.२.१५ आणि पहिल्या डीएनएस सर्व्हरचा (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा) १०.०.२.३ असतो, १०.०.२.२ हा पत्ता मात्र होस्टच्या १२७.०.०.१ या स्वतःच्या पत्त्याकडे नेतो. एकाच संगणकावर दोन इम्युलेटर चालू असले, तर दोघांनाही हेच पत्ते मिळतात आणि म्हणून ते एकमेकांना थेट गाठू शकत नाहीत.

सर्वांत अधिक आढळणारी चूक या रचनेतूनच उद्भवते. संगणकावर ८००० क्रमांकाच्या पोर्टवर (संपर्काच्या क्रमांकित दारावर) सर्व्हर चालू असतो, संगणकाच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्टवर, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या पत्त्यावर, तो व्यवस्थित उघडतो आणि तोच पत्ता ॲपमध्ये लिहिला की जोडणी नाकारली जाते. कारण आभासी फोनच्या दृष्टीने लोकलहोस्ट म्हणजे तो फोनच, आणि त्याच्या त्या पोर्टवर काहीही चालू नसते. आयओएस सिम्युलेटर मॅकचेच नेटवर्क वापरत असल्यामुळे तेथे लोकलहोस्ट चालतो, आणि त्यामुळे दोन्ही प्रणालींसाठी एकच कोड लिहिणारा गट हमखास गोंधळतो. यावर दोन उपाय आहेत: पत्ता १०.०.२.२ असा लिहिणे, किंवा संगणकावरून अँड्रॉइड फोनला आज्ञा देणाऱ्या एडीबी या साधनातील ‘एडीबी रिव्हर्स’ या आज्ञेने फोनचे पोर्ट होस्टच्या पोर्टशी जोडणे. दुसरा उपाय अधिक सोयीचा आहे, कारण त्यात कोडमधील पत्ता बदलावा लागत नाही आणि यूएसबीने जोडलेल्या खऱ्या फोनवरही तो तसाच चालतो. मात्र इम्युलेटर बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ही आज्ञा नव्याने द्यावी लागते.

पत्ता बरोबर असूनही सर्व्हर विनंती फेटाळू शकतो. जँगो या पायथॉनमधील वेब-चौकटीच्या विकसन सर्व्हरमध्ये मान्य होस्टांची यादी रिकामी असेल, तर डीबग (चुका शोधण्याच्या) स्थितीत लोकलहोस्ट चालतो, परंतु १०.०.२.२ या नावाने आलेल्या विनंतीला ४०० क्रमांकाची त्रुटी मिळते. हे अपयश नेटवर्कचे नव्हे, कारण विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचलेली असते. यादीत तो पत्ता घातला की काम होते. काही विकसन सर्व्हर आयपीव्ही६ या नव्या पत्ता-पद्धतीच्या लोकलहोस्टवरच ऐकत असतात. अशा वेळी संगणकाच्या ब्राउझरला ते सापडतात, पण १०.०.२.२ कडून आलेली जोडणी नाकारली जाते. मग सर्व्हर १२७.०.०.१ वर चालवावा लागतो.

म्हणूनच कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी लॉगकॅटमधील (अँड्रॉइडच्या नोंदी दाखवणाऱ्या साधनातील) त्रुटीचा मजकूर नीट वाचणे हीच या कामातील खरी पहिली पायरी होय. जोडणी तत्काळ नाकारली गेली, तर बहुधा त्या पत्त्यावर ते पोर्ट ऐकत नसते. बराच वेळ थांबून मुदत संपली, तर फायरवॉल, व्हीपीएन किंवा चुकीचा पत्ता यांचा संशय घ्यावा. होस्टचे नाव सापडत नसल्यास डीएनएसकडे पाहावे: इम्युलेटर सुरू होताना संगणकाच्या डीएनएस सर्व्हरांची यादी वाचतो, त्यामुळे नंतर वाय-फाय बदलले किंवा व्हीपीएन जोडले तर ती यादी जुनी ठरू शकते. कोल्ड बूट करणे (साठवलेली स्थिती न वापरता इम्युलेटर नव्याने सुरू करणे) किंवा सुरू करतानाच डीएनएस सर्व्हर नेमून देणे, हे त्यावरचे उपाय आहेत. पिंगवर निष्कर्ष बेतू नये. आभासी राउटर टीसीपी व यूडीपी या पद्धतींची वाहतूक हाताळतो, पण पिंग ज्यावर चालते त्या आयसीएमपीला तो साथ देईलच असे नाही. त्याऐवजी इम्युलेटरमधील ब्राउझरमध्ये तोच पत्ता उघडून पाहावा. तेथे पान उघडले आणि ॲप मात्र अडले, तर दोष ॲपमध्ये शोधावा.

ॲपमधील दोषांपैकी पुष्कळसे अँड्रॉइडच्या सुरक्षा-नियमांमुळे समोर येतात. अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढील आवृत्ती लक्ष्य ठेवणाऱ्या ॲपला साध्या, कूटबद्ध नसलेल्या एचटीटीपीवरून बोलण्याची मुभा मुळात नसते, तर अँड्रॉइड ७ पासून वापरकर्त्याने स्वतः बसवलेल्या (सुरक्षित जोडणीची ओळख पटवणाऱ्या) प्रमाणपत्रावर ॲप आपणहून विश्वास ठेवत नाही. प्रॉक्सी (मधला सर्व्हर) लावून वाहतूक तपासणाऱ्यांची अडचण होते ती यामुळेच. दोन्ही सवलती नेटवर्क सुरक्षा संरचनेच्या फाइलमधून देता येतात, पण त्या केवळ डीबग बिल्डपुरत्या (ॲपच्या चाचणीच्या आवृत्तीपुरत्या) आणि एचटीटीपीची सवलत तर १०.०.२.२ या एकाच पत्त्यापुरती द्यावी. सगळ्या ॲपला एचटीटीपी मोकळे करणे किंवा प्रमाणपत्राची तपासणीच बंद करणे ही घातक सवय आहे, कारण असा कोड नजरचुकीने वापरकर्त्यांपर्यंत जातो आणि त्यांची माहिती उघडी पडते. फ्लटर या ॲप बनवण्याच्या साधनसंचात उलट प्रकारचा दोष दिसतो: नव्या प्रकल्पात इंटरनेटची परवानगी डीबग व प्रोफाइल (कार्यक्षमता मोजण्याच्या) बिल्डच्या मॅनिफेस्टमध्येच (ॲपच्या परवानग्या नोंदवणाऱ्या फाइलमध्येच) असते, म्हणून मुख्य मॅनिफेस्टमध्ये ती लिहीपर्यंत रिलीज बिल्डला (वापरकर्त्यांना द्यायच्या आवृत्तीला) नेटवर्क मिळत नाही.

मल्टिकास्ट संदेशांना (एकाच वेळी नेटवर्कवरील अनेक उपकरणांना पाठवलेल्या संदेशांना) इम्युलेटरच्या आभासी राउटरची साथ नसते. त्यामुळे घरातील प्रिंटर किंवा टीव्ही अशा संदेशांद्वारे शोधणाऱ्या ॲपची चाचणी त्याच वाय-फायवरील प्रत्यक्ष फोनवरच करावी लागते.