भातलावणीच्या सहलीला येण्याआधी

मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालकहो,

शाळांकडून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "रेन डान्स आहे का?" नाही. आमच्या सहलीत दिवसभरात एकच काम असतं, पण ते प्रत्येक मूल स्वतःच्या हाताने करतं.

जुलैत हे काम म्हणजे मावळातली भातलावणी. कामशेतच्या आसपासच्या भातखाचरांत इंद्रायणी तांदूळ होतो. आंबेमोहराच्या संकरातून आलेला हा वाण 1987 पासून शेतकऱ्यांच्या हाती आहे. पोचल्यावर मुलं आधी रोपं उपटायला बसतात. बुडाशी धरायचं, हलका हिसका द्यायचा, पाण्यात खळबळून मुळांचा चिखल काढायचा आणि मूठ बांधायची. शेतावरच्या मावशी एकदाच दाखवतात, मग बघत बसतात. मग चिखलणी केलेल्या, म्हणजे पाणी भरून चिखल केलेल्या खाचरात उतरायचं. दोन-तीन रोपं चिमटीत धरून उथळ रोवायची, हा एक चूड. मुलं हमखास खोल रोवतात. तसं केलं की फुटवे, म्हणजे बुडातून फुटणाऱ्या नव्या काड्या, कमी येतात, हे मावशींनी ओरडून सांगितलेलं मुलांच्या बरोबर लक्षात राहतं.

आम्ही चारसूत्री पद्धतीने लावतो. दोरीवर 15 आणि 25 सेंटीमीटर अशा आलटून-पालटून खुणा असतात. त्यामुळे चार-चार चुडांचे चौकोन तयार होतात आणि प्रत्येक चौकोनाच्या मधोमध खताची एक गोळी खोचायची. एका आराला, म्हणजे 100 चौरस मीटरला, किती गोळ्या लागतील? सातवीची मुलं बांधावर बसून हे गणित सोडवतात. उत्तर 625. शिक्षकांनी कृपया आधी फोडू नये!

एका वेळी 40 मुलंच घेतो. यात शाळांना अडचण होते, ठाऊक आहे. पण पहिल्या वर्षी आम्ही हौसेने 120 मुलं नेली होती. अर्ध्या तासात रोपांच्या मुठी पायाखाली आणि बांध दोन जागी फुटलेला. मावशी तेव्हा काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळं खाचर त्यांनी पुन्हा लावलं आणि पुढच्या वर्षी खाचर द्यायला नाही म्हणाल्या. त्यांना परत तयार करायला दोन वर्षं लागली. आता शुल्कात शेतकरी कुटुंबाचा मोबदला तर असतोच, शिवाय मुलांनी वाकडंतिकडं लावलेलं सारखं करायची मजुरीही धरलेली असते. घासाघीस करताना एवढं लक्षात ठेवा.

लावणीची पक्की तारीख आम्ही देत नाही. पाऊस झाला, रोपं तीन-चार आठवड्यांची झाली की लावणी. म्हणून आम्ही आठवडा ठरवतो आणि नेमका दिवस दोन दिवस आधी कळवतो. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि पालकांची संमतिपत्रं शाळेने त्याआधीच तयार ठेवावीत. गाडी शक्यतो एसटीची घ्या, शालेय सहलीला भाड्यात निम्मी सवलत मिळते.

पालकांसाठी एक गोष्ट, जरा कडक शब्दांत. पायाला जखम, चीर किंवा फोड असेल तर मूल चिखलात उतरणार नाही. खाचराच्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असू शकतं आणि त्यातून जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार होऊ शकतो. अशा मुलाला बांधावर दोरी धरायचं काम देतो, तेही महत्त्वाचंच आहे. रडला तरी नियम मोडत नाही. सहलीनंतर ताप आला तर डॉक्टरांना चिखलात गेल्याचं आवर्जून सांगा.

हिवाळ्यात भिगवणला नेतो. उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात, मच्छीमारांच्या होडीतून ते बघायचे. होडीत प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि पक्षी उडवण्यासाठी होडी जवळ न्यायची नाही, मुलांनी कितीही गळ घातली तरी. मुळशीकडच्या देवराईचीही, म्हणजे गावाने देवाच्या नावाने राखलेल्या रानाचीही, सहल आहे. तिथे गारंबीच्या हातभर लांब शेंगा खाली पडलेल्या दिसतात. हात लावून बघा, मोजा, चित्र काढा, पण पिशवीत घालू नका. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा गाव घरी नेत नाही.

सोबत आणायचं ते थोडंच: जुने कपडे, एक कोरडा जोड, टॉवेल, पाण्याची बाटली, रेनकोट. छत्री नको, दोन्ही हात मोकळे लागतात. डबा आणू नका. पिठलं, भाकरी आणि गेल्या हंगामातल्या इंद्रायणीचा भात मावशींकडेच आहे.