ख्रिस्ती आशा

मृत्यूनंतर देहाचे पुनरुत्थान होईल आणि देवाच्या सहवासात सार्वकालिक जीवन लाभेल, या भरवशावर आजचे आयुष्य जगण्याची ख्रिस्ती धारणा. विश्वास, आशा आणि प्रीती हे त्रिकूट येशूचा आरंभीचा प्रचारक संत पौल याच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय १३) येते.

आत्मा अमर आहे, एवढ्यावर ही आशा भागत नाही. तसे प्लेटोही मानत होता. येथे आधार आहे तो येशू मेलेल्यांतून उठला या दाव्याचा. तो उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, असे पौल त्याच पत्राच्या १५व्या अध्यायात रोखठोक बजावतो. इ. स. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडला गेलेला मतांगीकारही (श्रद्धेचे ठरावीक निवेदन) मृतांच्या पुनरुत्थानाची आणि येणाऱ्या युगातील जीवनाची ‘वाट पाहतो’ असे म्हणूनच संपतो.

वाट पाहताना करायचे काय, हा प्रश्न मात्र आरंभापासूनच चिघळला. इ. स. ५०च्या सुमारास ग्रीसमधील थेस्सलनीका येथील नव्या मंडळीला वाटत होते की प्रभू येशू आपल्या हयातीतच परत येणार. मग मधेच जे वारले त्यांचे काय? शोक करा, पण आशाहीनांसारखा करू नका, अशी पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात समजूत घातली. त्यांनाच लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सूर चढलेला दिसतो: काही जण कामधंदा सोडून लुडबुड करत हिंडत होते, त्यांना ‘काम नको तर जेवणही नको’ अशा अर्थाची तंबी मिळाली. (हे दुसरे पत्र पौलाचेच का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.)

तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस या ईश्वरविद्यावेत्त्याने आशेची नेमकी व्याख्या केली. तिचा विषय चांगला हवा, पुढचा हवा, अवघड हवा आणि तरी शक्य कोटीतला हवा. तिच्याविरुद्ध दोन पापे: निराशा आणि फाजील भरवसा. यांपैकी दुसरे अधिक फसवे म्हणावे लागेल, कारण ते श्रद्धेचाच वेश घेऊन येते.

अमेरिकेतील विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकाच्या अनुयायांनी बायबलमधील दानिएलाच्या ग्रंथातील २,३०० दिवसांचा हिशेब मांडून २२ ऑक्टोबर १८४४ हा येशूच्या पुनरागमनाचा दिवस ठरवला. काहींनी शेतातले पीकही काढले नाही. दिवस आला, गेला. त्या ‘महानिराशे’तून सावरलेल्यांपैकी काहींनी १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ संघटित केला, पुण्यातील औंधचे स्पायसर विद्यापीठ याच पंथाचे. योगायोग असा की धर्म ही लोकांची अफू आहे, हे कार्ल मार्क्सचे वाक्यही १८४४ सालीच छापले गेले.

परलोकाच्या आशेने माणूस इहलोकी निष्क्रिय होतो, या आक्षेपाला विसाव्या शतकात वजनदार उत्तर दिले ते युर्गेन मोल्टमान (१९२६–२०२४) या जर्मन प्रॉटेस्टंट ईश्वरविद्यावेत्त्याने. १९४३ च्या हँबर्गवरील बाँबहल्ल्यात शेजारी उभा असलेला मित्र मेला आणि हा वाचला. पुढे १९४८ पर्यंत तो युद्धकैदी होता. १९६४ च्या आशाविषयक ग्रंथात त्याने मांडले की ज्याला देवाच्या भविष्याची आशा आहे त्याला आजच्या अन्यायाशी जुळवून घेता येत नाही. आशा माणसाला स्वस्थ बसू देत नाही.

महाराष्ट्रात वसईच्या कॅथलिक गावांतून २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरी साफसूफ करून फुले वाहतात आणि मृतांसाठी मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) होते. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत. त्यांच्याकडे ही आशा अंत्यविधीच्या उपदेशात आणि गीतांत ऐकू येते.

न संपणारे आयुष्य कंटाळवाणे होणार नाही का? पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ च्या आशेवरील विश्वपत्रात (सर्व चर्चला उद्देशून लिहिलेल्या पत्रात) हा प्रश्न स्वतःहून काढला आहे, आणि पत्राचा तोच भाग सर्वांत वाचनीय आहे. सार्वकालिकता म्हणजे दिनदर्शिकेची पाने अखंड उलटत राहणे नव्हे, असे ते म्हणतात. आधी आणि नंतर हा भेदच जेथे उरत नाही अशा अथांग प्रीतीत बुडी घेणे, असे तिचे स्वरूप ते सांगतात.