डाव आहेत, जोड नाही

बेळगाव तालुक्यातल्या कुठल्याही गावात संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर पोरं माना खाली घालून बसलेली दिसतात. फोन आडवा धरलेला, कानात हेडफोन, आणि मध्येच ‘मागं बघ, मागं बघ!’ असा ओरडा. खेळ बहुतेक वेळा नेमबाजीचाच, म्हणजे शूटर: बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया), फ्री फायर मॅक्स, नाहीतर कॉल ऑफ ड्यूटी मोबाईल. (बीजीएमआयमध्ये कॅमेरा सहसा खांद्यामागे असतो, म्हणून काटेकोर अर्थाने तो फर्स्ट पर्सन शूटर, म्हणजे पात्राच्याच डोळ्यांनी दिसणारा नेमबाजीचा खेळ, नव्हे, पण नेम धरायची रीत तीच.) टेकन किंवा स्ट्रीट फायटर असे फायटिंग गेम खेळणारा त्या घोळक्यात शोधूनही सापडत नाही. येळ्ळूरच्या मैदानापासून आनंदवाडीच्या आखाड्यापर्यंत कुस्तीवर जीव टाकणारा हा मुलूख. इथेही दोघांनी समोरासमोर लढायचा खेळ मागे पडावा, याची कारणं शोधायला हवीत. ती आपल्या हातात, मेंदूत आणि थोडी मोबाईलच्या टॉवरात आहेत.

आधी दरी केवढी आहे ते पाहू. स्टीम हे संगणकावरच्या खेळांचं सगळ्यात मोठं दुकान. तिथे काउंटर-स्ट्राइक एकाच वेळी खेळणाऱ्यांचा उच्चांक 18 लाखांच्या पुढे गेला आहे. 2023 मध्ये आलेल्या स्ट्रीट फायटर 6 ची सगळीकडे वाहवा झाली, पण त्याचा तिथला उच्चांक सुमारे 70 हजारांचा. टेकन 8 चा 50 हजारांच्या आसपास. यात कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर, खेळणारे धरलेले नाहीत आणि काउंटर-स्ट्राइक फुकट मिळतो, हे मान्य केलं तरी दरी बुजत नाही.

नेहमीच असं नव्हतं. 1991 मध्ये कॅपकॉम कंपनीचा स्ट्रीट फायटर 2 आला तेव्हा जगभरच्या व्हिडिओ गेमच्या दुकानांत त्याच्यापुढे रांगा लागत. हरला तो बाजूला, जिंकला तो यंत्रापाशी, पुढचं नाणं पुढच्याचं. त्यातला एक ठोसा दुसऱ्याला जोडून मारता येतो, ही आजच्या प्रत्येक फायटिंग गेमचा कणा असलेली गोष्ट मुळात ठरवून केलेलीच नव्हती. खेळाची तपासणी करताना ती निर्मात्यांच्या ध्यानात आली आणि त्यांनी ती राहू दिली. 1993 च्या डिसेंबरात डूम हा शूटर आला, 1996 मध्ये क्वेक, मग काउंटर-स्ट्राइक, आणि संगणकांचं जाळं जसं पसरत गेलं तसे शूटर पुढे सरकले. आपल्याकडे टेकन 3 ची आठवण अजून अनेकांना आहे. पण ते यंत्र दुकानात होतं, दुकानं बंद झाली आणि खेळ खिशातल्या फोनवर आला.

पैशाचं कारण उघड आहे. फोन घरात असतोच आणि शूटर फुकट असतो. चांगल्या फायटिंग गेमला कन्सोल किंवा दमदार संगणक लागतो, तो 50 हजारांच्या घरात जातो, वर खेळाचे पैसे वेगळे. पण ज्यांच्याकडे हे सगळं आहे तेही बहुतेक शूटरच निवडतात. म्हणून खरं उत्तर खिशात संपत नाही.

नेम धरणं म्हणजे शेवटी बोट दाखवणं, आणि ते माणूस वयाच्या पहिल्या वर्षाच्या आसपासच शिकतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी 1954 मध्ये यामागचं गणित मांडलं: लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे हात पोचायला वेळ जास्त. माउस असो वा काचेवरचा अंगठा, नियम तोच लागू होतो. यातली मोठी सोय अशी की चूक दिसते. गोळी शत्रूच्या कानाजवळून गेली की किती उजवीकडे गेली ते डोळ्यांना कळतं आणि पुढच्या वेळी हात तितका डावीकडे सरकतो. सुधारणा थोडी थोडी होत राहते. शिवाय दहातली एक गोळी नवख्याचीही लागते, आणि लागली की ती वस्तादाच्या गोळीइतकीच लागते.

फायटिंग गेममध्ये साधा हाडोकेन, म्हणजे हातातून फेकलेला ऊर्जेचा गोळा, काढायचा तर काडी (जॉयस्टिक) खाली, मग तिरकी खाली-पुढे, मग पुढे, आणि लगेच ठोशाचं बटण. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्याही आत. मधली तिरकी दिशा हुकली तर गोळा निघतच नाही, नुसता ठोसा बसतो. किती हुकलं, कुठे हुकलं, काही कळत नाही. अर्धे गुण नाहीत. हात कुठे घसरला हे सांगणारा कोणी शेजारी नसेल तर नवखा तीच चूक तासभर करत राहतो. फोनच्या गुळगुळीत काचेवर तर बोटाला दिशेची कडही लागत नाही. बोटं सरावतात तेव्हा मेंदू त्या सुट्या हालचालींची एकच मोळी बांधतो आणि मग त्यांचा विचार करावा लागत नाही. सवयीच्या हालचाली सांभाळणारा मेंदूच्या आतला बेसल गँग्लिया हा भाग त्यात मोठं काम करतो. पण मोळी बांधायला पुनरावृत्ती लागते. तालमीत वस्ताद एकच ढाक पुन्हापुन्हा मारून घेतो तो याचसाठी. शूटरमध्ये मजा पहिल्या दिवशी येते आणि कौशल्य मागून. फायटिंग गेममध्ये कौशल्य आधी आणि मजा मागून, आणि मधल्या काळात बहुतेक जण खेळ सोडून देतात.

एवढं करून हात बसला तरी खरी अडचण पुढे आहे, आणि मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. हे खेळ सेकंदाला 60 चित्रं दाखवतात. एका चित्राला, म्हणजे फ्रेमला, सुमारे 17 मिलिसेकंद मिळतात. डोळ्यांनी काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद लागतात, म्हणजे 12 ते 15 फ्रेम. आणि स्ट्रीट फायटर 6 मधला हलका ठोसा निघाल्यापासून बहुधा चौथ्या फ्रेमला लागतो. तो पाहून अडवणं माणसाच्या शरीराला शक्यच नाही. त्यात पर्याय अनेक. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी 1952 मध्ये दाखवलं की पर्याय वाढले की निर्णयाचा वेळही वाढतो. समोरचा ठोसा मारेल, पकड घालेल, उडी घेईल की थांबेल, या चार शक्यता मनात असल्या की 200 मिलिसेकंदांचे 300-400 होतात.

म्हणून जाणता खेळाडू पाहून खेळत नाही, ओळखून खेळतो. बचाव ठोशाला भारी, पकड बचावाला भारी, ठोसा पकडीला भारी. कोणताही एक डाव कायम चालत नाही, त्यामुळे डाव मिसळावे लागतात, तेही समोरच्याला अंदाज येऊ न देता. अशा खेळांत कोणत्या प्रमाणात मिसळणं सगळ्यात सुरक्षित, याचा पाया गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी 1928 मध्ये घातला. खडाखडीच्या वेळी दोन पैलवान एकमेकांचा हात चाचपत गोल फिरतात, कोणी पट काढायला झुकल्यासारखं करतो आणि मागे येतो, तेव्हा ते हेच गणित अंगाने सोडवत असतात. नवख्या प्रेक्षकाला काहीच घडत नाही असं वाटतं. घडत सगळं असतं.

2004 मध्ये कॅलिफोर्नियात इव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेत जपानच्या दाइगो उमेहाराचा केन (खेळातला त्याचा लढवय्या) जवळजवळ संपलेला होता. नुसता बचाव केला असता तरी त्या बचावातून झिरपणाऱ्या इजेने तो मेला असता. समोर अमेरिकेच्या जस्टिन वाँगची चुन-ली, तिचा 15 लाथांचा मोठा डाव. उमेहाराने प्रत्येक लाथेच्या क्षणी काडी पुढे दाबून सगळ्या 15 झटकल्या आणि उलट मारून लढत जिंकली. पहिली लाथ तर तो डाव सुरू व्हायच्या आधीच, अंदाजाने झटकावी लागणार होती. त्या क्षणी सभागृहात उठलेला गलका ध्वनिफितीत ऐकला की अंगावर काटा येतो. पाहायला हे खेळ शूटरपेक्षा सोपे आहेत हे यातून कळतं: दोन माणसं, उरलेला जीव दाखवणाऱ्या दोन पट्ट्या, पट्टी संपली की हार. मैदानाला हजारो लोक येतात आणि लांग लावणारे मूठभर असतात, तशीच ही गत. पाहण्याची आवड आणि खेळण्याची तयारी वेगळ्या.

हरण्याचं गणितही पाहू या. समजा प्रत्येक झटापट तुम्ही 100 पैकी 60 वेळा जिंकता. चार झटापटी आधी जिंकेल त्याची फेरी, असं धरलं तर फेरी जिंकण्याची शक्यता 71 टक्के होते. तीनांपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या असतील तर ती जवळजवळ 80 टक्क्यांवर जाते. थोडासा फरक लढतीअखेर मोठा होऊन बसतो. नशीब फारसं मध्ये येत नाही, म्हणून दुबळा बहुतेक वेळा हरतो. बीजीएमआयसारख्या बॅटल रॉयलमध्ये, म्हणजे शेवटी उरेल तो जिंकेल अशा खेळात, 100 जण उतरतात, एकेकट्याने खेळलं तर जिंकतो एक. सरासरी खेळाडूची शक्यता एक टक्का, त्यामुळे हरणं हाच नियम आणि त्याचं वाईटही वाटत नाही. हरलं तरी ‘रेंज गेली’, ‘पार्टनर धावून आला नाही’, ‘बंदूकच चांगली मिळाली नाही’, ही कारणं हाताशी असतात. यशाचं श्रेय स्वतःकडे आणि अपयश परिस्थितीकडे ढकलण्याची माणसाची सवय मानसशास्त्राला जुनी ओळखीची आहे. फायटिंग गेममध्ये ढकलायला कोणीच नसतं. पडद्यावर तुम्ही आणि तो. कुस्तीत चीत झालेल्या पोराच्या पाठीवर वस्तादाचा हात तरी असतो. खोलीत एकट्याने हरणाऱ्याच्या पाठीवर कोणाचाच नसतो.

यावर उपाय आपल्या मैदानांनी फार पूर्वी शोधला: जोड. वजन, वय आणि तयारी बघून जाणती माणसं कुस्ती नेमतात. खेळांच्या कंपन्या तेच काम बुद्धिबळासाठी अर्पाड एलो यांनी काढलेल्या गुणांकन पद्धतीसारख्या गणिताने करतात. पण जोड लावायची तर माणसं हवीत. लाखो खेळाडू असले की कोणत्याही मिनिटाला तुमच्या तोडीचा कोणीतरी मोकळा असतोच. हजारच असले आणि त्यातले जवळ राहणारे पन्नास असले, तर नवख्याला मुरलेल्या खेळाडूसमोर उभं केलं जातं. तो मार खातो, सोडून जातो आणि उरलेले आणखी मुरतात. लोकप्रियतेचं चक्र असं उलटं फिरतं.

जवळ राहणारे, हा शब्द इथे मोलाचा, कारण अंतराचं भाडं फायटिंग गेमला जास्त पडतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. बेळगाव ते मुंबई हे पाचेकशे किलोमीटर त्याला अडीच मिलिसेकंदांचे. प्रत्यक्षात टॉवर, राउटर आणि गर्दी मिळून पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायचा वेळ, कितीतरी वाढतो, आणि खानापूरकडे जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात तर विचारायलाच नको. शूटरमध्ये मधला सर्व्हर हिशेब जुळवतो: तुमची गोळी पोचली की तो घड्याळ थोडं मागे फिरवतो आणि तुम्ही चाप ओढला त्या क्षणी शत्रू कुठे होता ते बघतो. ‘भिंतीआड गेलो तरी गोळी लागली’ ही तक्रार याच सोयीतून येते. खेळ मात्र चालू राहतो. फायटिंग गेममध्ये दोन्ही यंत्रांवर प्रत्येक फ्रेम सारखीच हवी. जुन्या पद्धतीत समोरच्याचं बटण पोचेपर्यंत तुमचंही बटण रोखून धरत. 100 मिलिसेकंदांच्या पिंगला एका बाजूने 50, म्हणजे तीन फ्रेम. चार फ्रेमच्या ठोशाच्या खेळात तीन फ्रेम! घरी घोटलेली लय तिथेच मोडते.

2006 मध्ये टोनी कॅनन यांनी जीजीपीओ नावाची पद्धत आणली. तुमचं यंत्र समोरच्याने मघाचंच बटण धरून ठेवलंय असं गृहीत धरून पुढे जातं आणि खरं बटण वेगळं निघालं तर काही फ्रेम मागे जाऊन क्षणात सगळं पुन्हा मांडतं. याला रोलबॅक म्हणतात. एवढी चांगली गोष्ट हाताशी असूनही कित्येक मोठे खेळ पुढची दहा वर्षंही जुन्या पद्धतीनेच येत राहिले. त्या वर्षांत शूटरने इंटरनेट व्यापून टाकलं. ही चूक कंपन्यांची, खेळाडूंची नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. स्ट्रीट फायटर 6 मध्ये रोलबॅक उत्तम आहे, आणि एका बटणात हाडोकेन काढायची सोपी पद्धतही दिली आहे. बोटांचा अडसर त्याने बराच कमी झाला. ओळखून खेळण्याचा भाग आहे तसाच आहे, आणि असायलाच हवा.

2019 मध्ये लाहोरचा अर्सलान ॲश टेकन 7 मध्ये आधी जपानची इव्हो जिंकला आणि त्याच वर्षी अमेरिकेत दक्षिण कोरियाच्या नी या मातब्बर खेळाडूला हरवून तिथलीही. तेव्हा जगाला पहिल्यांदा कळलं की लाहोरच्या दुकानांतल्या यंत्रांवर एक अख्खी पिढी रोज एकमेकांशी खेळत तयार झाली होती. तिथे इंटरनेट काही फार वेगवान नव्हतं. होती ती समोर बसलेली तोडीची माणसं.

बेळगावातल्या एखाद्या मंडळाच्या खोलीत एक जुना प्लेस्टेशन, टेकनची एक चकती आणि दोन कंट्रोलर ठेवायला किती लागेल? दोघेही एकाच यंत्राला जोडलेले असले की पिंगचा प्रश्नच येत नाही, आणि हरलेल्याला जिंकणारा तिथल्या तिथे सांगू शकतो की बचाव कुठे उघडा पडला होता.