सुपडू: सुपातून आलेलं नाव

माझ्या आबांचं नाव सुपडू. अमळनेर तालुक्यात बोरी नदीकाठी आमचं गाव. तिथे हे नाव कुणालाच वेगळं वाटत नसे. मी शिकायला पुण्यात आलो आणि एका अर्जावर आजोबांचं नाव लिहिलं, तेव्हा समोरच्या माणसाने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे टोपणनाव आहे ना? खरं नाव लिहा." हेच खरं नाव होतं. ते कुठून आलं हे मला मोठ्या मायने, म्हणजे आजीने, फार पूर्वी सांगितलं होतं. "तुन्हा आबा इकत लेयेल शे," ती म्हणायची. विकत घेतलेला.

आबांच्या आधीची दोन भावंडं वर्षाच्या आत गेली होती. आबा जन्मले तेव्हा त्यांना सुपात ठेवलं, सूप उंबऱ्यापासून अंगणापर्यंत ओढत नेलं आणि तिथे उभ्या शेजारणीने ते उचललं. मग आबांच्या आईने मूठभर दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी, शेजारणीच्या ओटीत टाकून स्वतःचाच मुलगा विकत घेतला. आता तो तिचा नव्हता, नशिबाने टाकलेला आणि दुसऱ्याकडून घेतलेला होता. ज्या दुष्ट शक्तीने आधीची दोन नेली, तिला हा कुणाचा हे कळूच नये, हा सगळा खटाटोप त्यासाठी. सुपातून आला म्हणून सुपडू. मुलगी असती तर सुपडाबाई.

शब्द सरळ आहे. संस्कृत शूर्प, प्राकृत सुप्प, मराठी सूप. पाणिनीच्या सूत्रांत शूर्प हे मापाचं नाव म्हणूनही येतं, आणि सुपासारख्या कानांचा म्हणून गणपती शूर्पकर्ण. सुपाला 'डे' लागून सुपडे झालं. दगडू, धोंडू, बाळू यांत जो लाडाचा 'ऊ' आहे तोच शेवटी लागून सुपडू झालं. म्हणजे एवढ्याशा नावात लाड आहे आणि भीतीही आहे.

सूपच का, याचा मी बराच विचार केला आहे. पाखडताना धान्य झटक्याने वर उडतं. दाणा लहान, गोल, जड, त्यामुळे हवा त्याला फारशी अडवत नाही आणि तो तसाच खाली येतो. टरफल हलकं आणि पसरट. हवेचा विरोध त्याच्या वजनाला लगेच भारी पडतो, ते मागे रेंगाळतं आणि वाऱ्याबरोबर सुपाबाहेर जातं. जे टिकायचं ते सुपात राहतं. रोज सकाळी हे बघणाऱ्या बाईला आपलं लेकरू सुपात ठेवावंसं वाटलं असेल, तर मला ते अगदी समजतं.

सुपडू एकटा नाही. खानदेशात जुन्या पिढीत उखर्डू आहे, उकिरड्यावर ठेवून उचललेला. भिका आहे, भीक मागून मिळवलेला. नथू आहे, मुलगी आहे असं भासवायला ज्याचं नाक टोचलं तो. बहिणाबाई चौधरींच्या यजमानांचं नाव नथूजी होतं. या नावांमागची युक्ती देशभर सापडते. पंजाबात सुपाला छज म्हणतात आणि तिथे छज्जू हे नाव आहे. रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने १८८३ साली पंजाबी नावांवर जो अभ्यास लिहिला, त्यात अशा नावांची दखल आहे. आपला उखर्डू तमिळनाडूत कुप्पुस्वामी होतो, कारण तमिळमध्ये कुप्पै म्हणजे कचरा. तेलुगूत तोच पेंटय्या होतो. बंगालमधला तिनकडी तीन कवड्यांना विकत घेतलेला. चीनमध्ये 'कुत्र्याने टाकलेलं' अशा अर्थाची नावं होती आणि मंगोलियात आजही नेर्गुई, म्हणजे 'नाव नाही', असं नाव असलेली माणसं भेटतात. एकमेकांच्या भाषेतलं अक्षरही ठाऊक नसलेल्या माणसांना सारखी युक्ती सुचली, कारण दुःख सारखं होतं.

हे दुःख मोजता येतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी दोनशेहून अधिक बाळं पहिला वाढदिवस बघत नसत. खानदेशाने त्याच सुमारास १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ, प्लेगच्या साथी आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा सोसला. आपण हिशेबापुरतं पाचात एक धरू. एखाद्या बाईची पहिली दोन्ही मुलं दगावण्याची शक्यता एकपंचमांश गुणिले एकपंचमांश, म्हणजे पंचविसात एक. शंभर घरांच्या गावात अशा चार आया. प्रत्येक गावात एखाददुसरा सुपडू का सापडायचा, त्याचं उत्तर या गुणाकारात आहे. खरं तर आकडा याहून मोठा असणार, कारण बालमृत्यू घराघरांत सारखे वाटले जात नाहीत. तीच सुईण, तेच पाणी, तीच उपासमार असलेल्या घरात ते पुन्हा पुन्हा होतात.

आता आजचा हिशेब करू. सरकारच्या २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात बालमृत्यूचा हा दर हजारी १६ होता. त्याच पद्धतीने गुणाकार केला तर पहिली दोन्ही मुलं जाण्याची शक्यता सुमारे चार हजारांत एक येते. पंचविसात एक ते चार हजारांत एक. सुपडू हे नाव ज्या झऱ्यातून निघायचं तो झरा असा आटला.

या मृत्यूंमधला एक रोग इथे सांगायलाच हवा, तो म्हणजे नवजात बाळाचा धनुर्वात. त्याच्या जंतूचे बीजाणू मातीत आणि शेणात वर्षानुवर्षं तग धरतात. विळ्याने नाळ कापली, वर राख किंवा शेण लावलं, की ते त्या जखमेत शिरतात. बाळ पहिले दोनेक दिवस छान दूध पितं. मग जबडा आवळतो, दूध ओढता येत नाही आणि अंग धनुष्यासारखं ताणलं जातं. लक्षणं बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात दिसतात, सर्वांत जास्त पहिल्या आठवड्याच्या शेवटाकडे. उपचार नसतील तर मृत्यू जवळजवळ ठरलेला. आपल्याकडे सटवाई येते ती रात्र कोणती? सहावी. पाचवी-सहावीच्या रात्री बाळाजवळ दिवा ठेवून जागणाऱ्या बायांनी धोक्याचे दिवस बरोबर हेरले होते, असं मला वाटतं. कारण मात्र त्यांच्या हाती नव्हतं. आणि उकिरड्यावर ठेवलेल्या बाळांचा विचार केला की काळीज हलतं. ज्या जागी आईने त्याला वाचवायला ठेवलं, तिथल्या मातीतच तो बीजाणू होता.

उपाय साधा निघाला. गरोदरपणात आईला धनुर्वाताची लस दिली की तिच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि ते सुरक्षित जन्मतं. १९८५ साली देशभर सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, स्वच्छ ब्लेडने नाळ कापायची सवय लागली, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. उच्चाटन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहूनही कमी रुग्ण.

आता नावांच्या शास्त्राकडे वळू. अमेरिकेत सरकारी दप्तरी १८८० पासूनची बाळांची नावं उपलब्ध असल्याने तिथे यावर बरंच काम झालं आहे. मॅथ्यू हान आणि अलेक्झांडर बेंटली या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं की आईबाप एकमेकांची नावं जणू डोळे मिटून उचलतात आणि क्वचित कुणी नवं नाव काढतं, एवढंच गृहीत धरलं तरी खऱ्या नोंदींसारखंच चित्र तयार होतं. थोडी नावं फार चालतात, बाकीची असंख्य नावं दुर्मीळ राहतात. जोना बर्जर आणि गेल ल मेन्स यांनी २००९ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतल्या नावांवरून आणखी एक गोष्ट दाखवली. जे नाव झपाट्याने वर चढतं, ते तितक्याच झपाट्याने उतरतं, कारण लोकांना ते तात्पुरत्या लाटेतलं वाटू लागतं.

सुपडू या दोन्ही नियमांत बसत नाही, आणि मला त्याचं सर्वांत मोठं वैशिष्ट्य हेच वाटतं. ते नाव कुणी कुणाचं बघून ठेवत नव्हतं. छान वाटलं म्हणूनही ठेवत नव्हतं. ते दर वेळी एका घटनेतून नव्याने जन्माला यायचं. फॅशन बदलल्याने ते संपलं नसतं, कारण फॅशनने ते आलंच नव्हतं. म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या टिकलं.

घटना थांबली तेव्हा मात्र त्याला एकच आधार उरला, आजोबांचं नाव नातवाला देण्याचा. इथे एक जुनं गणित लागू पडतं. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७३ साली प्रश्न विचारला होता की आडनावं नामशेष का होतात, आणि हेन्री वॉटसन या गणिती पाद्र्याबरोबर त्याने त्याची मांडणी केली. त्या गणितातून निघणारी गोष्ट अशी: एका नावामागे पुढच्या पिढीत सरासरी एकच वारस असला, कुणाला दोन, कुणाला एकही नाही, तरी ते नाव कधी ना कधी संपणारच. सरासरी एकाहून खाली गेली तर फार लवकर. सुपडूची सरासरी शून्याजवळ आली. आजोबांच्या नावातला दुखरा अर्थ ठाऊक असलेल्या घराने ते धडधाकट नातवाला का द्यावं? शिवाय शहरात गेलेल्यांना ते सांगताना संकोच वाटू लागला. काहींनी राजपत्रात बदलून घेतलं.

बदलणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण या नावाला नकुशाच्या रांगेत बसवलं जातं ते मला पटत नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात नकुशा नावाच्या २८५ मुलींची नावं सरकारने समारंभपूर्वक बदलली, आणि ते योग्यच झालं, कारण ते नाव खरोखर 'नको' म्हणत होतं. सुपडू आणि उखर्डू वरवर तसेच दिसतात, पण ही लेकरं इतकी हवी होती की आईने स्वतःचं आईपण लपवलं.

आमच्या गावच्या मतदार यादीत मी मागे ही नावं शोधली. जी सापडली ती सगळी सत्तरीच्या पुढची, आणि बरीचशी 'वडिलांचे नाव' या रकान्यात.

गेल्या वर्षी भाचीला धुळ्याच्या दवाखान्यात मुलगा झाला. लसीचं कार्ड पूर्ण भरलेलं, बाळाचं वजन तीन किलो. पाचवीला माझ्या आईने दाराआड टांगलेलं सूप काढलं, पुसलं, त्यात मूठभर दादर पसरून वर धडपा घातला आणि बाळाला अलगद ठेवलं. ओढलं नाही, विकलं नाही. नाव आधीच मोबाइलवर ठरलं होतं. आई मात्र सूप हळूच हलवत, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, त्याला सुपडू म्हणत होती.